डागी आंबे

आप्पाकाका,

पूर्वी तीर्थस्वरूप लिहायचे. आता हात धजत नाही.

रत्नागिरीच्या बालगृहात मी गृहमाता म्हणून लागले, तेव्हा तुम्ही हसलात, "एवढं शिकून लोकांची डागी पोरं सांभाळणार?" आज त्याच पोरांना तुमच्या बागेतली हापूसची पेटी आली. चांगला आंबा वाशीच्या बाजाराला, डागी आम्हाला, आणि दानशूर म्हणून पेपरात फोटो तुमचा. शोभतं हो तुम्हाला!

पेटी उघडून आमची सानवी म्हणाली, "ताई, आंबा झाडावर चांगलाच असतो. उतरवताना आपटतात, मग तो डागी होतो."

आठवीतल्या पोरीला कळलं, ते एवढ्या मोठ्या बागायतदाराला कळायचं नाही. म्हणून हे पत्र टाकत नाही. पेटी तेवढी परत पाठवतेय.

गृहमाता मृणाली