खंडेनवमीचं ग्रीस

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.
घरी घट बसले, मिलमध्ये मला बसायला फुरसत नाही. सकाळपासून तीन नंबरच्या रोलरपाशी. दोन्ही बेरिंगांवर हात ठेवून पाहिला. कोमट. ठीक. हरभरा जोरात चालू आहे, दिवाळीच्या बेसनासाठी. रोलर थांबला की डाळ थांबली.

आज ठरवून टाकलं. यंदा खंडेनवमीला मशिनीत कुणी ग्रीस भरायचं नाही. हळदकुंकू लावा, झेंडूचे हार घाला, नारळ फोडा. ग्रीस नाही. दरवर्षी पूजा झाली की येईल तो ग्रीसगन घेतो अन् मशिनीचं तोंड गोड करतो म्हणून दोन दाब मारतो. हमाल, बाया, ड्रायव्हर, शेटच्या घरचे पाहुणेसुद्धा. लेकरू जेवून उठलं अन् गल्लीतल्या समद्या मावश्यांनी एकेक घास भरवला तर काय होईल, तेच बेरिंगचं होतं. ग्रीसला फिरायला जागा उरत नाही, बेरिंग तापतं. ऐन दिवाळीत रोलर जळतो तो याच्यामुळं. गेल्या साली जळला, त्याच्या आधल्या साली जळला. लोक म्हणतात नजर लागली.

२४ सप्टेंबर
जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं. कुणी काही बोललं नाही, म्हणजे कुणाला पटलं नाही. बोलली फक्त शेवंताबाई. माल वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या बुडाशी बसून निवडणं करते, मिलमध्ये माझ्याइतकीच जुनी. म्हणाली, "देवाला निवद अन् मशिनीला उपास. वर्षभर आपलं पोट भरती, अन् तिच्याच सणाला तिला उपाशी ठिवायचं व्हय मामा?"
म्हणालो, तिचं पोट मी रोज बघतो.
"रोजचं रोज. सणाचं सणाला." एवढं बोलून तिनं भाकरी मोडली. माझ्याकडं पाठ.

२६ सप्टेंबर
धाकट्या शेटनी केबिनमध्ये बोलावलं. वडिलांच्या माघारी मिल तेच बघतात. मला वाटलं ग्रीसवरून. तेही होतंच, लोकांचं मन मोडू नका म्हणाले. पण खरं बोलणं दुसरंच.
परवा किसन, पट्ट्यांवरचा माणूस, मागून हाका मारत होता अन् मी चालत्या ब्लोअरपाशी वाकलेलो. वळलोच नाही. शेटनी ते पाहिलं. म्हणाले, "मामा, तुम्हाला ऐकू येत नाही. एखाद्या दिवशी हात गेला तर मी मामींना काय सांगू? दिवाळी झाली की नांदेडहून एक मिस्त्री आणतो. तुम्ही वजनकाट्यावर बसा, सावलीत."
माणूस वाईट नाही. पण काट्यावर बसून ट्रक मोजण्यात माझा काय जीव रमणार. म्हणालो, शेट, मी मशीन कानानं ऐकतच नाही. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक बेरिंगला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला. हाड म्हातारं होत नाही. यंदा दिवाळीत रोलर जळला नाही तर मला मशिनीवर राहू द्या.
"बघू."
बघू म्हणजे नाही. असू द्या. मी पण बघतो.

२८ सप्टेंबर, रविवार
नांदेडची लेक आली. मागच्या महिन्यात तिनंच तिकडं नेऊन कानाचं यंत्र घेऊन दिलं होतं. ते डबीतच आहे म्हणून रागावली. तिच्यासमोर लावलं. मिलमध्ये लावलं की पत्र्यावर गारा पडाव्यात तसं होतं. घरी बरं आहे. सौ. इतकी वर्षं पुटपुटते ते स्वच्छ ऐकू आलं. बरंचसं माझ्याबद्दल असतं.
काट्याचं सांगितलं. मायलेकींना आनंद झाला. दोघी शेटच्या बाजूच्या. "आप्पा, समद्यांना तुमची काळजी हाय, तुम्हालाच न्हाई."
काळजी आहे म्हणूनच माणसाला बसवून ठेवतात. बसलेलं मशीन गंजतं, हे यांना कोण सांगणार.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
सकाळीच ग्रीसगन कपाटात घालून कुलूप लावलं, अन् ग्रीसच्या पिंपावर स्वतः बसलो. पूजा झाली. किसननं वर चढून तोरण बांधलं. मग सगळे इकडं तिकडं बघत उभे. सुतकात उभे राहिल्यासारखे. हात रिकामे. वाईट वाटलं, पण उठलो नाही.
शेवंताबाई पेढ्यांचं ताट घेऊन आली. मोठ्यानं म्हणाली, "मशिनीच्या तोंडाला कुलूप हाय. मग मिस्त्रीचं उघडा." अन् पहिला पेढा माझ्या तोंडात. मागोमाग रांग. किसन, हमाल, निवडणाऱ्या बाया, शेटच्या आईसुद्धा. सणाचा घास, नाही कसं म्हणायचं? कुणाची बुंदी, कुणाची पुरणपोळी. गालात जागा उरली नाही.
"आता कसं वाटायलंय मामा?"
म्हणालो, तापायलंय.
तिला हसू फुटलं, मग सगळ्यांना. माझंच म्हणणं माझ्या पोटात घालून पटवून घेतलं बाईनं. शेट लांबून बघत होते.
घरी जेवलो नाही. सौ. विचारत होती, यंत्र काढून ठेवलं.

४ ऑक्टोबर
दसऱ्याच्या सुट्टीनंतर मिल जोरात. तीन नंबर कोमट, बाकीचे तर गारच. गेल्या साली आजच्या दिवशी तिथं हात टिकत नव्हता. शेटना हाताला धरून नेलं, म्हणालो ठेवा हात. ठेवला. मग रुमालानं हात पुसून केबिनकडं गेले.

७ ऑक्टोबर
शेवंताबाई म्हणते, एलिव्हेटरमध्ये वर काहीतरी किर्र करायलंय. पेचकस बुडाला लावून पाहिला, काही नाही. पट्टा घासत असेल म्हणालो. सांजच्याला परत तेच. म्हणालो, तुझ्या मनातलं ग्रीस अजून गेलं नाही. चिडली. "कान माझे हायत, तुमचे न्हाईत," म्हणाली अन् निघून गेली.

९ ऑक्टोबर
एलिव्हेटरचं वरचं बेरिंग जाम. धूर. माल मधेच अडकला, खाली सगळी मिल उभी.
वर ग्रीस कधी गेलं होतं, किसनला विचारलं. तो खाली बघायला लागला. मग म्हणाला, "वर चढतो कोण मामा. खंडेनवमीला तोरण बांधायला जातो तवाच गन संगं नेतो. यंदा तुम्ही गन दिली न्हाई."
माझे गुडघे धरल्यापासून वरचं काम किसनकडं. मी समजून होतो दर महिन्याला जातो. विचारलं मात्र कधी नाही. खालच्या मशिनी सणाला खाऊन खाऊन मरत होत्या, अन् वरची त्या एका घासावर वर्ष काढत होती. तोच घास मी कुलपात घातला.
कुणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं.
शिडी लावली. किसन म्हणाला मी जातो, शेट म्हणाले त्याला जाऊ द्या. ऐकलं नाही. स्वतः चढलो. शेवंताबाई खालून ओरडत होती ते कळत होतं, काय ते कळत नव्हतं. जुनं बेरिंग ओढून काढलं, कोरडं ठणठणीत, आत डाळीचा भुगा. शाफ्ट पॉलिश पेपरनं घासला, नवं बसवलं, बेताचं ग्रीस. दिवस कलता मिल चालू.

१० ऑक्टोबर
शेट म्हणाले, "रोलर वाचला, एलिव्हेटर गेला. फिटंफाट झाली मामा."
म्हणालो, फिटंफाट नाही. रोलरचं माझं म्हणणं खरं होतं, ते खरंच राहणार. पुढच्या खंडेनवमीलाही गन कुलपात. वरच्या बेरिंगची चूक माझी, तीही खरी. दर अमावास्येला मिल बंद असते. त्या दिवशी मशिनीपुढं नारळ फोडायच्या आधी माणूस गन घेऊन वर चढलाच पाहिजे, कुणीही असो. अन् मशिनी ऐकायला शेवंताबाईला माझ्याबरोबर द्या.
"निवडणारी बाई?"
"तिनं दोनदा सांगितलं. माणूस ठेवायचं ते ऐकणारं ठेवा ना."
शेट म्हणाले, तुमचा निकाल दिवाळीनंतर.

१४ ऑक्टोबर
शेवंताबाई आधी तयारच होईना. लोक हसतील म्हणे. मी म्हणालो हसू दे, मला सणाला सगळे हसले, मी मेलो का? पदर खोचून आली. पेचकस कानाला लावला अन् डोळे मोठे. "अगं बया, आत माणूस बोलायलाय."
आता प्रत्येक मशिनीला तिचं नाव ठेवणं चालू आहे. एकात भुंगा आहे, एकात दुरून पाऊस पडायलाय. चार नंबरला म्हणाली, कुणी जात्यात खडा टाकलाय. मी हाड लावलं, मला नुसती घरघर. हात ठेवला तर बारीक ठोका लागत होता. रविवारी उघडलं, बेरिंगमधली गोळी फुटायला आलेली.
मला राग आला थोडा. मग आनंद झाला. कोणता आधी आला, नक्की सांगता येत नाही.

२१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन, अमावास्या.
किसन वर चढला, ग्रीस दिलं, मग नारळ. दिवाळीचा माल सगळा गेला. तीन नंबर एकदाही तापला नाही. शेटनी मिठाईचा पुडा दिला. विषय काढला नाही. मीही नाही.

२७ ऑक्टोबर
नांदेडचा मिस्त्री मिल बघायला आला. हसरा, पाया पडला. त्याच्याकडं थरथर मोजायचा छोटा मीटर आहे. लावून दाखवला. मीटर चांगला आहे, खोटं कशाला बोलू. शेवंताबाईनं त्याला विचारलं, ह्यात पाऊस कुठं दिसतो? तो बिचारा मीटरकडं बघत राहिला.
काट्यापाशी खुर्ची ठेवलेली दिसली. वर गादी.
शेट म्हणाले, उद्यापासून तिथं. म्हणालो, बसणार नाही.
"मग घरी आराम करा."
म्हणालो, तेही होणार नाही. शेवंताबाईची शिकवणी अर्धी राहिली आहे, अन् या पोराला वरची शिडी दाखवायची आहे. ती मीटरमध्ये दिसत नाही.
त्यावर शेट काहीतरी बोलले. मी ओठ बघत होतो, पण तेवढ्यात फाटकातून ट्रक आला अन् त्यांनी तिकडं तोंड फिरवलं. हो म्हणाले की नाही, कळलं नाही. शेवंताबाईनं ऐकलं असणार. मी तिला विचारलं नाही.
सौ.ला सांगितलं, सकाळी डबा नेहमीच्या वेळेला पाहिजे.