माझी अम्मी शहीद

४ जाने.
आठवा महिना संपत आला. पाय सुजलेत, भूक मात्र राक्षसी. शेजारच्या मंदाकाकू कोलंबीभात घेऊन आल्या. अब्बांना विचारलं, "हिची आय कशानं गेली वो?"
अब्बा म्हणाले, "शहीद झाली."
"मिलटरीन व्हती क?"
अब्बा इतके हसले की ठसका लागला. घणसोलीत माझ्याकडे राहायला आल्यापासून पहिल्यांदाच. मी नाही हसले. अम्मी मला जन्म देताना गेली. शहीद म्हणजे कर्बलाच्या लढाईत मेलेले, मला एवढंच माहीत.

६ जाने.
विचारलं शेवटी. अब्बा मेथी निवडत होते. "लढाईत मरतो तोच नव्हं, बाय. बुडून मेला, भिंतीखाली मेला, तोही शहीद. बाळंतपनात गेली ती पन."
"मग मारणारी मी?" निघून गेलं तोंडातून. इतकी वर्षं घशात होतं.
अब्बांनी मेथी बाजूला सारली. "येडी हाय का? पैगंबरांच्या हदीसमधी हाय, पोर आईला नाळेनं वढत जन्नतीत नेतं. तू तिला नेनारी, बाय."
खूप रडले. मग दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

१५ जाने.
बीपी वाढलंय. डॉ. म्हणाल्या, लक्ष ठेवू. घरी येऊन अब्बांना सांगून टाकलं, मला नाही व्हायचं शहीद.
"नकोच होऊ. शहादतीची दुआ मोठी मानसं मागतात. मी बाप हाय. तुझं म्हातारपन मागतो."

२३ जाने.
मुलगी!!! सिझर. दोघी ठीक. शुद्ध आल्यावर पहिलं वाटलं, मी आहे. खरंच आहे. इम्रान फोन उलटा धरून सगळ्यांना सांगतोय, बाप झालो. अब्बांनी तिच्या कानात अजान दिली, अर्ध्यात आवाज फाटला. मंदाकाकू दारातूनच, "नाक त आज्याचाच हाय!"

३० जाने.
घरी. नाव अजून नाही. इम्रान म्हणतो, अम्मीचंच ठेवू, हाजरा. अब्बा हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत.
दुपारी मी डोळे मिटून पडले होते. अब्बा पोरीला मांडीवर घेऊन सांगत होते, "तुझी नानी शिट्टी वाजवायची. झकास. बंदरावर सगळे वळून बघायचे."
शिट्टी? अम्मी? हे मला कधीच... उठून विचारणार होते. तेवढ्यात त्यांनी ओठ पुढे काढले आणि हळूच वाजवायला लागले. कुठलीतरी चाल. मधेच थांबले, पुढचं आठवेना बहुतेक. परत पहिल्यापासून.