निळ्या खिडक्यांचे घर आणि दरसाल सोडलेला राग

मी, ओटिलिया राइनहोल्डोव्हना वाइगांट, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धर्माने लुथरन, सरकारी गोठ्यातील निवृत्त दूधवाली, राहणार क्रास्नाया बाल्का, अकमोला प्रांत, कझाकस्तान, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टर म्हणतात, हृदय थकले आहे, ईस्टरपर्यंत टिकेलच असे नाही. डोके मात्र शाबूत आहे. शंका असल्यास माझी नणंद फ्रीडा हिला विचारावे. ती उलट सांगेल, म्हणजे खात्री पटेल.

कलम १. मुलगा व्हिक्टर आणि मुलगी एर्ना जर्मनीत सुखी आहेत व घर नको असे त्यांनी लेखी कळवले आहे. व्हिक्टरला त्याच्या वडिलांची सुतारकामाची हत्यारे द्यावीत. रंधा त्याला धरताही येत नाही, पण भिंतीवर टांगून पाहुण्यांना दाखवेल. एर्नाला क्रेपेल, म्हणजे आमचे गोड वडे, तळायची कढई. ती ते दुकानातून विकत आणते, हे मला फोनवर कळले आणि त्या दिवशी मी जेवले नाही.

कलम २. भजनांच्या हाताने उतरवलेल्या अकरा वह्या शहरातून दर दोन महिन्यांनी येणाऱ्या तरुण पाळकाला द्याव्यात. अट एकच, प्रवचन पंधरा मिनिटांत आटपावे. देवाची कृपा फुकट मिळते एवढे सांगायला तास लागत नाही.

कलम ३. निळ्या खिडक्यांचे माझे घर, अंगणातल्या स्वयंपाकघरासह, गावच्या शाळेला द्यावे.

कलम ४. फ्रीडा हाइनरिखोव्हना वाइगांट हिला काहीही देऊ नये. उलट साक्षीदार म्हणून तिची सही घ्यावी. नोटरीबाई साउले यांनी सांगितले आहे की साक्षीदाराला वारस होता येत नाही. म्हणजे पुढे मला दया आली तरी सोय नको.

कारण नोंदवते. १९६८ साली उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी आम्ही बायका सरकारी बंदीमुळे पडदे ओढून माझ्या स्वयंपाकघरात प्रार्थनेला बसलो होतो. पाळक नव्हता, गाणे मी सुरू करायचे. उपवासकाळात आम्ही ‘हालेलुया’ म्हणत नाही, तो आनंदाचा शब्द ईस्टरपर्यंत मिटून ठेवतो. मी चुकून नेमके तेच भजन उचलले. फ्रीडा सगळ्यांदेखत म्हणाली, “वहिनी, प्रभू अजून उठला नाही, तुला एवढी कसली घाई?” बायका डोक्यावरच्या रुमालाचे टोक तोंडात कोंबून हसल्या. एकूण अकरा जणी होत्या.

तेव्हापासून मी दर उपवासकाळात तिच्यावरचा राग सोडते. इतर जणी साखर सोडतात, मी राग सोडते. आणि ईस्टरच्या सोमवारी कॉफी पिऊन झाली की परत घेते. एकेचाळीस वर्षांत एकदाही खंड पडला नाही, आणि याचा मला फार अभिमान होता.

म्हणूनच वरील चारही कलमे मी राखेच्या बुधवारच्या, म्हणजे उपवासकाळ सुरू होण्याच्या, आदल्या दिवशी, क्रेपेल तळता तळता लिहिली. राग हातात असतानाच काम उरकायचे होते. पण नोटरीबाईंची गाडी बर्फात अडकली, सही राहिली.

कलम ५. (आज वाढवलेले.) काल तिसरा रविवार. आता आम्ही चौघीच उरलो, पाळकही आला होता. वही डोळ्यांसमोर धुरकट झाली आणि मी पुन्हा तेच भजन उचलले. पहिला ‘हालेलुया’ तोंडातून गेला तेव्हा कळले. थांबावे तर जीभ थांबेना. मी फ्रीडाकडे पाहिले. तिने डोळे मिटले आणि खालच्या पट्टीत, खणखणीत, माझ्याबरोबर म्हणायला लागली. चारही कडवी. पाळक तोंड उघडे टाकून बघत राहिला.

नंतर मी म्हटले, “अगं, हे काय केलंस? उपवासकाळ आहे!”

“मला ठाऊक आहे. ईस्टरला तू असशील-नसशील. म्हटलं, उरकून घ्यावं.”

“पण चूक माझी होती. तू का गायलीस?”

“एकटीची चूक दिसते, वहिनी. दोघींनी केली की तिचं भजन होतं.”

आम्ही मूळचे जर्मन, म्हणून सगळे गाव जर्मनीला गेले तेव्हा फ्रीडाचेही कागद आले होते. ती गेली नाही. “तिकडे जाऊन नव्या माणसांशी भांडणार कोण?” म्हणाली. तेव्हा मला वाटले, आळशी आहे. गळक्या छपराच्या एका खोलीत ती सोळा वर्षे राहिली. मला आता लाज वाटते, फार वाटते.

सबब कलम ३ व ४ रद्द. घर, अंगण आणि गाय लीझा फ्रीडाला द्यावी. तिने हे कमावलेले नाही, मीही काही कमावलेले नाही. ईस्टरचा सोमवार मला दिसलाच तर कॉफी पिईन. राग परत घेणार नाही.

स्थळ: क्रास्नाया बाल्का. दिनांक: १६ मार्च २००९.
सही: ओ. वाइगांट

साक्षीदार:
१. येरमेक सादिकोव्ह, पोस्टमास्तर (सही)
२. <s>फ्रीडा हाइनरिखोव्हना वाइगांट</s> (खोडले)
तिच्या जागी: बाग्दागुल अबेनोव्हा, नर्स (सही)

टीप: नाव मी स्वतः खोडले. फ्रीडा समोरच होती. म्हणाली, “माझी साधी सहीसुद्धा तुला चालत नाही का?” तिला कारण सांगितलेले नाही. ते तिने माझ्यामागे वाचावे, आणि भांडायला मी नाही म्हणून चडफडावे.