चार ओळींची दुरुस्ती

४ ऑगस्ट
परत सिद्धोधन सरांचा फोन. मानवतच्या शाळेत शिकवतात. डोळ्यांना दिसत नाही, कॉम्प्युटर वाचून दाखवतो ते ऐकून केंद्रप्रमुखाच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे. "मॅडम, मराठी आकडा आला की ते गपच बसायलंय बघा. कलम कोन्तं, साल कोन्तं, कायच कळंना." परीक्षा चौदा सप्टेंबरला. लिनक्समधला हा वाचणारा प्रोग्राम मीच सांभाळते — म्हणजे झालं, आलं माझ्याच गळ्यात!

६ ऑगस्ट
प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत हा दोष कधीच गेलाय. पण सरांकडे स्टेबल आहे, म्हणजे सगळ्यांना वापरायला दिलेलं पक्कं लिनक्स, आणि स्टेबलमध्ये कुठल्याच प्रोग्रामची नवी आवृत्ती घेत नाहीत. जुनीच ठेवायची, तिच्यात दुरुस्तीपुरत्या ओळी घालायच्या. मी कंटाळून अख्खी नवीच पाठवून दिली. तपासणी करणाऱ्या गटातल्या मंजुषाताईंनी ती तशीच परत केली — "चौदाशे ओळी बदलल्यात. यातली दुरुस्ती कोणती, तेवढी दाखव." राग आला. त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

११ ऑगस्ट
दुरुस्तीच्या ओळी निवडतेय. यापेक्षा तांदळातले खडे बरे.

१९ ऑगस्ट
चार ओळी! जिंतूरच्या कॉलेजातून शिकवून यायचं आणि रोज दोन तास हेच. तेरा दिवसांत हाती चार ओळी. नवरा, परमेश्वर, म्हणाला, "पगार न्हाई, पानी न्हाई, कशाला करायलीस ही हमाली?" त्याच्याशी वाद घालायचंही त्राण नाही. पाठवून दिल्या.

३१ ऑगस्ट
मंजुषाताईंचा एकच प्रश्न — स्टेबल असलेल्या मशीनवर चालवून पाहिलंस का? स्टेबलला जाणाऱ्या दुरुस्त्यांची या खेपेची यादी आज बंद होणार, पुढची खेप दोन महिन्यांनी. तोवर सरांची परीक्षा होऊन जाईल.

स्टेबल आहे ते वरच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर, आणि आमच्या बोरी गावात सकाळपासून लाईट नाही. लॅपटॉपवर लावलं, आकडे खडाखडा वाचले. लॅपटॉपवर पुढचं, अजून बाहेर न आलेलं लिनक्स आहे, हे मला ठाऊक आहे. पण चार ओळींत बिघडून बिघडणार काय? थकलेय. "पाहिलं" असं लिहून टाकलं.

६ सप्टेंबर
दुरुस्ती आज सगळीकडे गेली. सरांना कळवलं, अपडेट करून घ्या. लय खूश झाले. आठवडा आहे अजून अभ्यासाला. मला बरं वाटलं. दुपारी झोपले, कितीतरी दिवसांनी.

७ सप्टेंबर
सरांचा फोन. कालपासून एक अक्षर वाचत नाही. फोन चालू ठेवूनच वरचा जुना कॉम्प्युटर लावला, त्यावर दुरुस्ती घेतली. तोही मुका.

"माज्याच हातानं कायतरी दाबल्या गेलं असंल, मॅडम."

मी म्हणाले, असेल.