चक्कर माझी नव्हे

सालमिया, कुवेत, शुक्रवार, जानेवारी १९६२

संध्याकाळी मगरिबची नमाज पढून उठलो आणि पाय लटपटले. वाटलं, झालं, परत चक्कर आली. मुलाला कळलं तर पहिल्या बोटीनं रत्नागिरीला धाडील. मग नात कधी दिसणार? म्हणून भिंत धरून गप्प उभा राहिलो. वर पाहिलं, तर दिवा तारेवर झुलत होता. चक्कर मला, मग दिवा कशाला हलेल?

तेवढ्यात सून नातीला उचलून ओरडली, "अब्बा, भूकंप! बाहेर चला!"

गल्लीत सगळे घाबरलेले. मला मात्र हसू आवरेना.

"अब्बा, आमचा जीव जायची वेळ आणि तुम्ही हसताय?"

काय सांगू तिला? कुणाला लागलं नाही, अल्लाचे उपकार. लिहितानाही सारखा वर बघतोय. दिवा स्थिर आहे. मीही.