खाडीच्या तोंडाशी एक बेट

बाई, आज दुपारी एका बहिणीने आपल्या मेलेल्या भावाला माझ्यासमोर कृतघ्न म्हटलं. चूक त्याची नव्हती, माझी होती, आणि मी गप्प बसले. तुम्हांला जाऊन एकवीस वर्षं झाली, तेव्हा हे लिहून काही होणार नाही, ते मला कळतं. पण नकाशात खोटेपणा केला तर तो कबूल करायचा कुणापाशी, हे तुमच्याशिवाय मला दुसरं माहीत नाही.

इथे साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात माझं काम असं: पेशंट दाखल झाला की त्याची माहिती फॉर्मवर उतरवायची, आणि तो गेला तर त्याच्या वस्तू नातेवाइकांच्या हाती देऊन सही घ्यायची. दोन महिन्यांपूर्वी टेकअवेच्या स्वयंपाकघरात राबणारा एक चिनी माणूस आला. चाळिशीचा असेल, फुप्फुसं संपलेली. कागदपत्रं नाहीत, इंग्रजी नाही. फोनवरच्या दुभाष्याचं बोलणं त्याला निम्मंच कळे, कारण याची बोली निराळी. गावाचं नाव त्याने दोनदा सांगितलं, मला ते लिहिता येईना. जन्मठिकाणाला फॉर्मवर एकच चौकट. मी ‘चीन’ लिहिलं. त्याने जोरात मान हलवली, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि जेवणाच्या कार्डाच्या पाठीवर किनारा काढायला लागला. डोंगर थेट पाण्यापर्यंत आलेले, समुद्रात जिभेसारखी घुसलेली जमीन, आत शिरलेली खाडी, मिठागरांच्या चौकटी, एक पूल, पुलापाशी मध्ये भोक असलेलं वर्तुळ. विहीर असेल, असं मला वाटलं. किनारा मात्र मी ओळखला, बाई. फुजियान. तुमचा आशियाच्या भूगोलाचा पेपर.

रत्नागिरीच्या कॉलेजात तुम्ही तो किनारा काढायला लावलात, तेव्हा चीनशी युद्ध होऊन फार दिवस झाले नव्हते. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “बाई, शत्रूचा किनारा कशाला काढायचा?” तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. “शत्रूचा म्हणून तो सरळ होणार आहे का? काढ.” मग फळ्यावर शेजारी शेजारी दोन बुडालेले, जमीन खचून समुद्र आत शिरलेले किनारे, एक आपला, एक त्यांचा. “डोंगर समुद्राच्या अंगावर आला की शेताला जागा उरत नाही. माणूस बोटीत बसतो. आपला मुंबईला उतरतो, त्यांचा मलायात. मग घरी मनीऑर्डर येते, माणूस येत नाही.” हे तुम्ही हवामान सांगावं तशा स्वरात सांगत होता, आणि समोरच्या पन्नासातल्या निम्म्यांचे बाप मुंबईच्या गिरण्यांत होते. त्याच आठवड्यात माझ्या जर्नलवर तुम्ही लाल फुली मारलीत आणि मला उभं केलंत. खाडीच्या तोंडाशी मी एक बेट काढलं होतं.

“हे कुठून आणलंस?”

“पान मोकळं दिसत होतं, बाई.”

“मोकळं असेल तर मोकळं ठेवायचं. तुझ्या बेटाला वळसा घालायला गेला आणि खडकावर आपटला एखादा, म्हणजे?”

वर्ग हसला. मला अजून हसू आलेलं नाही.

तर तो माणूस काढतोय आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतेय. खाडीच्या तोंडाशी त्याने पेन्सिल इतकी दाबली की कार्डाला भोक पडलं. मग तो माझ्याकडे बघत राहिला. काही विचारावं म्हणून बघत होता, हे आज कळतं. मी “ओके, थँक यू” म्हटलं आणि कार्ड काढून घेतलं. फॉर्म भरून झाला होता. कार्ड फाडायच्या कागदांच्या पिशवीत गेलं. चौथ्या दिवशी तो वारला.

पुढे त्याच्या जाकिटाच्या अस्तरात एक फोन नंबर सापडला. वॉर्डात नागपूरचा एक तरुण डॉक्टर आहे, मला काकू म्हणतो; तो नकाशा काढला जाताना त्याने पाहिलं होतं. त्याने लंडनला मृताच्या बहिणीला फोन लावला आणि, भला मुलगा, भावाने गावाचा नकाशा काढलाय हेही सांगून टाकलं.

“काकू, तो मॅप आहे ना तुमच्याकडे? ती दुसरं काहीच विचारत नाहीये.”

“आहे.”

“सेफ ना?”

“माझ्याकडे वस्तू हरवतात का रे?”

“छे हो, तुमच्याकडून हरवायची हिंमत आहे का कुठल्या वस्तूची!”

काल जेवणाच्या सुट्टीत मी कोरं कार्ड घेतलं आणि नकाशा काढला. हात अजून चालतो, बाई. डोंगर, खाडी, मिठागरं, पूल, ते वर्तुळ, सगळं जागच्या जागी. खाडीच्या तोंडाशी काही काढलं नाही. तिथे त्याची पेन्सिल चुकून घसरली असेल, असं मी धरून चालले होते.

बहीण आली ती फोनवरही मध्ये बोललेल्या, इंग्रजी येणाऱ्या शेजारणीला घेऊन. कार्ड पाहताच ती हसली आणि तिने वर्तुळावर बोट ठेवलं. “विहीर ना ही?” मी विचारलं. “विहीर नाही, ब्रेड आहे तो,” शेजारीण म्हणाली. “आमच्या फूचिंग भागातला. पूर्वी समुद्री चाच्यांशी लढायला आलेले शिपाई दोरीत ओवून गळ्यात घालायचे. पुलापाशी त्याचं दुकान आहे.” बहिणीचं बोट मिठागरांवरून पुढे सरकलं, पुलापलीकडे थांबलं; इथे त्यांचं घर, शेजारणीने सांगितलं. भावाने पाठवलेल्या पैशांचं चार मजली घर. आत एकटी आई, तीही खालच्या खोलीत. मग बोट खाडीच्या तोंडाशी गेलं. तिने कार्ड उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

“इथे एक बेट आहे,” शेजारीण हळूच म्हणाली. “खडकावरची कालवं काढताना यांचे वडील तिथे बुडाले. तिथेच पुरलंय त्यांना. दर वसंतात सगळे कबर झाडायला जातात.”

बहीण एकच शब्द बोलली. शेजारीण सांगेना. मी विचारलं, तेव्हा म्हणाली, “बापाला विसरला, म्हणते. कृतघ्न.”

“आजारपणात राहून गेलं असेल,” मी म्हटलं. बाई, तेवढंच म्हटलं.

पुढच्या महिन्यात ती ते कार्ड आईला दाखवायला नेणार आहे. तिचा नंबर माझ्या रजिस्टरात आहे, फोन करून खरं सांगता येईल. नोकरीची भीती म्हणावी, तर निवृत्तीला आठ महिने उरलेत. मला अजूनही फुली सोसत नाही, एवढंच आहे. म्हणून रजिस्टर तसंच ठेवलंय, आणि त्यात जे लिहायला हवं होतं ते इथे लिहिते, जिथे तपासायला कुणी नाही.

मृताच्या बहिणीच्या हाती दिलं: काळं जाकीट, एक, अस्तर उसवलेलं. फोन कार्डं, सात, वापरलेली. लाल दोऱ्यातला समुद्रदेवीचा ताईत, एक. नकाशा, एक, माझ्या हातचा. बेट दिलेलं नाही.