डागाभोवतीची रेघ

सोमवार
झडप सरकवली आणि सूर्य कागदावर उतरला. ताटाएवढा, कडेला थरथरणारा. मागून ठमी ओरडली, आई, याला तीळ आहे! सहलीला आलेली पोरं खो-खो हसली. विद्यापीठाच्या वेधशाळेत माझा पहिला दिवस. लोकांना आकाश दाखवायचं आणि त्याचा पगार घ्यायचा! लेकीची नवी शाळा सुरू व्हायची आहे, म्हणून तिला सोबत आणलं. आम्ही दोघीच. राहायला मिळालेल्या खोल्या लहान, पण उजेडाच्या.

संचालकबाईंनी काम समजावलं. दुर्बिणीला डोळा लावू द्यायचा नाही. प्रतिमा कागदावर पाडायची आणि मुलांनी पेन्सिलीने सूर्यावरच्या डागाभोवती रेघ काढायची. रेघ मात्र पुरती जोडायची नाही, जराशी फट ठेवायची. का, म्हणून विचारलं. म्हणाल्या, आमच्या सरांनी सांगितलं, मी तुम्हाला सांगते, उगाच डोकं खाऊ नका.

मंगळवार
ठमीने सुरेख रेघ काढली. फट तेवढी राहिली. अर्धवट काम मला बघवत नाही. जोड गं, म्हटलं. तिने जोडली.

शुक्रवार
सूर्यावरचा डाग सरकत कडेला गेलाय. ठमी म्हणते, तिच्या डोळ्यांसमोर तो मधोमधच आहे. माझ्याकडे बघते तेव्हा चेहऱ्याच्या बाजूला बघते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. डोळे ठणठणीत, म्हणाले. नव्या शाळेत जायचं टाळायची नाटकं.

रविवार
जिन्यातलं मांजर दूध पीत होतं. ठमी टक लावून बघत होती. मीही. मग पायरीवर नुसती वाटी राहिली. दूध अजून हलत होतं.

सोमवार
बाईंना सगळं सांगितलं, रेघ जोडल्याचंही. त्यांचा चेहरा उतरला. तरी ठमीसमोर हसल्या. बघू ठमाबाई, कुठाय तुझा डाग, म्हणत खुर्ची पुढे ओढली, वाकून तिच्या डोळ्यांत –

चष्मा फरशीवर पडला. खुर्ची रिकामी. मी ओरडले, मिट, डोळे मिट!

मंगळवार
कागद शोधला. रेघेला खोडरबराने फट पाडली. मग सगळीच खोडली. मग कागद जाळला.

ठमी म्हणाली, आई, डाग मोठा झाला.

बुधवार
तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधलीय, दुहेरी. भरवते. हात धरून फिरवते. कधी सोडणार, विचारते. बरं वाटलं की. खोटं बोलते मी.

एकदाच तुला बघू दे ना, म्हणाली. बघू दिलंही असतं. पण मग माझ्यामागे तिला कोण –

गुरुवार
सकाळी ओढणी उशीवर होती, घडी घातलेली. न्हाणीघरात नळ चालू. स्टूल आरशासमोर ओढलेलं. ब्रश बेसिनमध्ये, फेसासकट.

नळ बंद केला. हाका मारल्या. आरशात मी एकटी –